‘सांगत्ये ऐका’ आणि ‘भूमिका’ : कैफियतीकडून आत्मशोधाकडे

श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्यात ‘आत्मशोध’ हा शब्द वारंवार आढळतो. एका तरुण अभिनेत्रीने एकामागून एक पुरुषांचा आधार शोधावा, प्रत्येक आधार कोसळावा आणि अखेरीस तिने स्वतःपाशी येऊन थांबावे, असे या चित्रपटाच्या आशयसूत्राचे वर्णन रूढ झाले आहे. ते चुकीचे म्हणता येणार नाही. अडचण निराळीच आहे. हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला असल्यामुळे चित्रपटासाठी तयार झालेले हे वर्णन उलट दिशेने प्रवास करून पुस्तकालाही चिकटते. पदव्युत्तर वर्गांत स्त्रियांची आत्मकथने शिकवली जातात तेव्हा पुष्कळ विद्यार्थी पुस्तकाआधी चित्रपट पाहून आलेले असतात आणि उषाची व्यथा हंसाबाईंच्या शब्दांत शोधू लागतात. ती त्यांना सापडतेही, कारण घटनांचे साम्य आहे. परंतु त्यामुळे पुस्तकाची स्वतःची जात कोणती, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. ‘सांगत्ये ऐका’ ही मूलतः कैफियत आहे, आणि कैफियतीचा आत्मशोध होताना काही मोलाचे हाती लागले असले तरी काही मोलाचे गळूनही पडले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभ शीर्षकापासून केला पाहिजे. ‘सांगत्ये’ हे प्रथमपुरुषी, एकवचनी, वर्तमानकाळी क्रियापद आहे. त्याचा कर्ता वगळलेला आहे. ‘मी’ उच्चारलेला नाही. तरीही मराठी क्रियापद प्रथमपुरुषातही लिंगभेद राखीत असल्यामुळे बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, हे त्या एका शब्दातच कळून चुकते. ‘सांगते’ या लेखी रूपाऐवजी ‘सांगत्ये’ हे बोलण्यातले रूप आले आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. दुसरा शब्द आज्ञार्थी आणि अनेकवचनी आहे. दवंडी पिटणारा, शाहीर, फडावरची गाणारी, असे समोरच्या जमावाला थांबवून बोलणारे सगळेच लोक हा शब्द वापरतात. म्हणजे या शीर्षकात ‘मी’ क्रियापदाच्या प्रत्ययात दडलेली आहे आणि ‘तुम्ही’ मात्र समोर उभे आहात. याच व्यवसायातील ज्येष्ठ अभिनेत्रीच्या ‘मी दुर्गा खोटे’ (१९८२) या आत्मचरित्राचे शीर्षक याच्या शेजारी ठेवले तर भेद स्पष्ट होतो. तेथे ‘मी’ आणि नाव एवढ्यानेच काम भागते, कारण त्या नावाला घराण्याची आणि समाजमान्यतेची पाठराखण आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) किंवा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही शीर्षके स्मरणाकडे निर्देश करतात. ‘सांगत्ये ऐका’ स्मरणाकडे निर्देश करीत नाही. ते समोरच्याला ऐकण्याचे कर्तव्य नेमून देते.

हे शीर्षक अर्थातच १९५९ च्या त्याच नावाच्या चित्रपटावरून आले आहे. अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला हा तमाशापट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला आणि मराठी चित्रपटाला पुढे दोन दशके पुरेल असा एक साचा त्याने दिला. संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे. माडगूळकर बंधू माणदेशचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या परिसरातले. आणि या चित्रपटातील जी लावणी आशा भोसले यांच्या आवाजात आजही घरोघर ऐकली जाते, तिच्यात वाट जाते ती साताऱ्याकडे. प्रदेशाचा हा उल्लेख केवळ स्थानिक अभिमानापोटी केलेला नाही. सातारा-सांगलीचा हा पट्टा तमाशाच्या जिवंत परंपरेचा आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), म्हणजेच श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. कुळकर्णीपण सोडून ते तमाशात गेले, त्यांनी रचना केल्या आणि पवळाबाईंनी त्या फडावर उभ्या केल्या. या परंपरेत स्त्रीला चारचौघांत बोलण्याचा परवाना आहे, परंतु तिच्या तोंडचे शब्द बहुधा पुरुषाने रचलेले असतात. ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटाचा गाभाच असा आहे की, फडावर उभी राहून एक स्त्री गावच्या सत्तेला तिने केलेल्या अन्यायाची कहाणी ऐकविते. गाव प्रेक्षक म्हणून बसलेले असते आणि बघता बघता ते पंच होते. अकरा वर्षांनी, १९७० मध्ये, आपल्या आयुष्याची हकीकत पुस्तकरूपाने येताना तिला हेच नाव मिळावे, यात लोकप्रिय चित्रपटाच्या कीर्तीचा उपयोग करून घेण्याचा व्यवहार असेलही. पण त्या नावाबरोबर फड आणि पंच या दोन्ही गोष्टी पुस्तकात आल्या.

शब्द पुरुषाने रचलेले असण्याचा प्रश्नही त्याबरोबरच येतो. हे आत्मकथन हंसाबाईंनी लिहिलेले नाही. त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. प्रथम ते ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाले. साधू त्या वेळी तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्या पुढच्या. तेव्हा या पुस्तकातील आवाज कोणाचा, असा प्रश्न संशोधकाने विचारणे रास्त आहे, मात्र तो विचारून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती रास्त नाही. फडावरच्या स्त्रीचे शब्द शाहिराचे असतात म्हणून तिचे गाणे शाहिराचे ठरत नाही. उभे राहण्याचा धोका तिचा असतो. येथेही नवऱ्याचे, आईचे, स्वतःच्या मद्यपानाचे, लादल्या गेलेल्या गर्भपातांचे जे उघड कथन आहे, त्याचे परिणाम भोगण्यासाठी समाजात वावरायचे होते ते हंसाबाईंना. शिवाय निवेदनाची लय पाहिली तर ती सांगणाऱ्याचीच आहे. प्रसंग मध्येच तुटतो, वर्षे गळतात, एखाद्या चित्रपटाची आठवण विनाकारण लांबते. घडवून लिहिणाऱ्याने हे खाचखळगे बुजविले असते.

या संदर्भात फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आठवते. सातारा जिल्ह्यातील या लेखिकेने आपले लेखन घरच्यांपासून, नवऱ्यापासून, वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. एकीने लिहिले ते लपवून आणि दुसरीने सांगितले ते चव्हाट्यावर. दोघींमधील अंतर जातीचे, व्यवसायाचे आणि जाणिवेचेही आहे. बेबीताईंच्या कथनात ‘मी’पेक्षा समाज बोलतो आणि आंबेडकरी चळवळीने त्या समाजाला ऐकणारे कान दिलेले होते. हंसाबाईंच्या पाठीशी असा समूह नव्हता. कलावंत घराण्यातून आलेल्या, घरचे साळगावकर हे नाव मागे ठेवून पडद्यावर ‘वाडकर’ झालेल्या स्त्रीला आपला समूह कोणता म्हणावा, हाही प्रश्नच होता. म्हणून तिला श्रोते शीर्षकातच गोळा करावे लागले.

आता पुस्तकाच्या रचनेकडे वळता येईल. हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचा चित्रपटप्रवेश १९३६ मधील ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटाने झाला. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर बॉम्बे टॉकीजमधील ‘नवजीवन’ आणि ‘दुर्गा’ (दोन्ही १९३९), प्रभातची ‘संत सखू’ (१९४१), राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘पुढचं पाऊल’ (१९५०) आणि ‘सांगत्ये ऐका’ अशी त्यांची वाटचाल आहे. आत्मकथनात ही नावे केवळ तपशील म्हणून येत नाहीत. ती काळ मोजण्याची साधने आहेत. सामान्य गृहिणीच्या आठवणींत लग्न, बाळंतपण, घर बदलणे यांनी काळ मोजला जातो; येथे तो कंपनीने, कराराने आणि कामाने मोजला जातो. घर आपल्या कमाईवर चालते, याची जाणीव बालवयातच झालेल्या मुलीचे हे निवेदन आहे. लग्नानंतर काम सोडून संसार करावा, अशी तिची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, कारण कमाई थांबणे कोणालाच परवडणारे नव्हते. स्त्रीवादी समीक्षेने या इच्छेपाशी काहीसे अवघडून जाणे स्वाभाविक आहे. स्वतंत्र मिळकत असलेल्या स्त्रीने चुलीची ओढ बाळगावी, हे आजच्या वाचकाला पराभवासारखे वाटते. परंतु ज्या स्त्रीसाठी नोकरी ही सुटका नसून घरच्यांनी लादलेली वेठ आहे, तिच्या दृष्टीने घरी बसणे म्हणजेच काम नाकारण्याचा अधिकार असतो. ही बाजू पाहिली की पुस्तकातील अनेक परस्परविरोधी वाटणारी विधाने जुळून येतात.

अभिनेत्रीकडे कष्टकरी म्हणून पाहण्याची ही दृष्टी मराठीत अगदीच एकाकी नाही. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दारात कराराच्या वादातून उपोषण केले आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. चित्रपटव्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींना उद्देशून लिहिलेल्या त्या पुस्तकाची मराठी समीक्षेने फारशी दखल घेतली नाही. त्याचे नाव प्रश्नार्थक आहे, हंसाबाईंच्या पुस्तकाचे आज्ञार्थी. दोन्ही समोरच्याशी बोलतात. या दोन पुस्तकांना एकत्र वाचणारा एखादा प्रबंध मराठी विभागांतून यायला हवा.

चित्रपटाकडे येताना प्रथम त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. ब्लेझ या जाहिरातपटांच्या वितरणाशी संबंधित संस्थेच्या पाठबळावर, रूढ हिंदी चित्रपटाच्या व्यवस्थेबाहेर, ‘अंकुर’पासून जी समांतर चित्रपटांची मालिका उभी राहिली, तिच्यातील ‘भूमिका’ ही बहुधा सर्वांत गुंतागुंतीची कलाकृती आहे. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे या तिघांची. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे. संगीत वनराज भाटिया यांचे. पटकथेला आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जन्म १९५५ चा असल्याने चित्रपट आला तेव्हा स्मिता पाटील यांचे वय बावीसच्या आसपास होते, आणि त्या वयात त्यांनी अल्लड मुलीपासून थकलेल्या प्रौढेपर्यंतचा पल्ला गाठला. त्याच वर्षी ‘जैत रे जैत’ही आला. हंसाबाई मात्र हा चित्रपट पाहण्यास हयात नव्हत्या.

चित्रपटाची सुरुवात चित्रीकरणाच्या मंचावरील लावणीवजा नृत्याने होते आणि शेवट हॉटेलच्या खोलीत. या दोन टोकांमधील अंतर हेच माध्यमांतराचे मर्म आहे. पुस्तकात जो फड कथनाचे अधिष्ठान आहे, तो चित्रपटात पहिल्या काही मिनिटांतच वेशभूषा आणि रंगभूषा म्हणून उतरवून ठेवला जातो. कॅमेरा प्रेक्षागृहातून निघून रंगपटात, तेथून घरात आणि तेथून मनात शिरतो. वर्तमान रंगीत आणि गतकाळ बहुतांशी रंगहीन ठेवल्यामुळे सगळा भूतकाळ उषाच्या आठवणीचा भाग बनतो. ती आठवते, सांगत नाही. कोणी ऐकायला बसलेले नाही. प्रेक्षक तिला पाहतो, आणि पाहणारा हा ऐकणाऱ्यासारखा उत्तरदायी नसतो.

पटकथेने उषाच्या आयुष्याची विभागणी केली आहे ती पुरुषांनी. तिच्या कुटुंबाला मुंबईस आणणारा, मग तिचा नवरा आणि व्यवहार पाहणारा केशव दळवी, सहनट राजन, आत्महत्येच्या करारातही फसवणूक करणारा दिग्दर्शक सुनील वर्मा, आणि श्रीमंत विनायक काळे. अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन शाह आणि अमरीश पुरी यांनी या चार व्यक्तिरेखा इतक्या भिन्न प्रकृतीच्या केल्या आहेत की रचनेतील साचेबंदपणा चटकन जाणवत नाही. तरीही तो आहे. पुस्तकात कंपन्या आणि करार यांच्या ओघात माणसे येतात, चित्रपटात माणसांच्या ओघात कंपन्या येतात. केशवची स्वार्थी व्यवस्थापकी दाखविताना पटकथा कमाईचा प्रश्न उपस्थित करते. परंतु पुढे ही कमाई, तिचे मोल, तिच्यावर जगणारी माणसे मागे पडत जातात आणि पुरुष समजून घेतो की नाही, हा प्रश्न समोर येतो. आत्मशोधाच्या कथेला हेच सोयीचे असते. भाकरीचा हिशेब मांडणारी स्त्री स्वतःला शोधीत आहे, असे म्हणणे अवघड जाते.

काळेच्या वाड्याचा भाग मात्र या आक्षेपाला पुरून उरतो. आत्मकथनात मराठवाड्यातील एका गावी सुमारे तीन वर्षे काढावी लागल्याची हकीकत आहे. चित्रपटाने तिला जे रूप दिले, ते मुळाहून अधिक अर्थपूर्ण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. उषाला येथे हवे ते सारे मिळते. स्वयंपाकघर आहे, सासू आहे, जीव लावणारे मूल आहे, पडद्यावरच्या नावाची आठवण काढणारे कोणी नाही. जन्मभर मागितलेला संसार तिला मिळतो आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर मुलाला घेऊन जाण्याची मुभा नाही, हे तिला एका साध्या प्रसंगातून कळते. अंथरुणाला खिळलेली काळेची पत्नी तिला पुरुषांविषयी जे सांगते त्यात शहाणपण आहे, पण ती ते अंथरुणातून सांगते, यात त्याची किंमतही आहे. तेथून सुटण्यासाठी उषाला ज्या नवऱ्याला सोडले त्यालाच बोलवावे लागते. आपल्या लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांतील आणि चित्रपटांतील नायिका गाव सोडून डोंगरावर जाते ती बहुधा महाबळेश्वरला, मधुचंद्रासाठी. धुके, घोडे आणि स्ट्रॉबेरी यांपलीकडे त्या प्रवासात तिच्या वाट्याला काही येत नाही. ‘भूमिके’तील स्थलांतरे त्या मानाने फार कठोर आहेत. कोकणातले घर, मुंबईतले घर, स्टुडिओ, हॉटेल, वाडा : प्रत्येक जागेत उषाला काही तरी करून दाखवावे लागते, आणि वाड्यात तर गृहिणी ही देखील एक भूमिकाच ठरते.

शेवटी मुंबईला परतलेल्या उषापुढे तिच्याच जुन्या चित्रपटांच्या जाहिराती भिंतींवर आहेत. मुलगी आता मोठी झाली आहे, आपल्याकडे राहायला चल म्हणते, उषा नाकारते. राजनचा दूरध्वनी येतो आणि ती त्याला उत्तर देत नाही. हा नकार आत्मशोधाची परिणती म्हणून नेहमी वाखाणला गेला आहे, आणि पडद्यावर तो विलक्षण परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण मूळ पुस्तकाच्या नावाशेजारी ठेवल्यास त्याची विसंगती डोळ्यांत भरते. ‘सांगत्ये ऐका’ म्हणणाऱ्या स्त्रीच्या कथेचा कळस न बोलण्यात झाला आहे. पुस्तकातील स्त्रीला स्वत्व सापडले असेल तर ते चारचौघांपुढे तोंड उघडण्यात. चित्रपटातील स्त्रीला ते तोंड मिटण्यात सापडते. पहिले स्वत्व संवादी आणि भांडखोर आहे, दुसरे एकाकी आणि प्रतिष्ठित. सत्तरच्या दशकातील समांतर चित्रपटाच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला दुसरे अधिक भावणारे होते, असे अनुमान काढल्यास ते फारसे धाडसाचे ठरू नये. फडावर उभी राहून नावानिशी हिशेब मागणारी स्त्री त्या प्रेक्षकाला किंचित भडकच वाटली असती.

याच ठिकाणी चित्रपटाच्या नावाचा विचार करणे उपयुक्त ठरते. हिंदीत ‘भूमिका’ म्हणजे नटाचे सोंग, तसेच ग्रंथाची प्रस्तावना. मराठीत प्रस्तावना हा अर्थ मागे पडला असून त्याऐवजी पवित्रा, बाजू, मत असा अर्थ रूढ आहे. आपण भूमिका वठवितो, तशीच भूमिका घेतोही. मराठी प्रेक्षक हे शीर्षक वाचतो तेव्हा उषा भूमिका घेते का, हा प्रश्न त्याच्या भाषेनेच त्याच्यापुढे ठेवलेला असतो. चित्रपट त्याचे उत्तर निःशब्दतेने देतो. मराठीतच, जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२), स्मिता पाटील यांच्याच सुलभा महाजनने घराबाहेर पडताना भूमिका घेतलेली आहे. पण सुलभा शिकलेली, वकिलाच्या घरची. तिला नोकरी हा हक्क वाटतो. हंसाबाईंना तो तसा वाटण्याचे काही कारण नव्हते. म्हणून ‘उंबरठा’ आणि ‘भूमिका’ यांची जोडी लावून स्त्रीमुक्तीचा चढता आलेख काढणे सोपे असले तरी ‘सांगत्ये ऐका’ त्या आलेखावर बसत नाही.

पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी केले आणि ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव आहे ‘यू आस्क, आय टेल’, म्हणजे तुम्ही विचारा, मी सांगते. भाषांतरकारांची अडचण समजण्यासारखी आहे. फडावरच्या हाकेला इंग्रजीत सहज प्रतिशब्द नाही. मात्र या नावात बोलण्याआधी कोणी तरी प्रश्न विचारावा लागतो, मुलाखतकार समोर यावा लागतो, आणि ‘मी’ वाक्यात उघडपणे उभी राहते. मराठी शीर्षकात हंसाबाईंना कोणीही काही विचारलेले नाही.